फेल्को २ आणि माझी पसरलेली शेवंती: तीन छाटण्यांनंतर

तीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. कात्री विकत घेताना आधी ती कानाजवळ धरून दोनदा उघडमीट करायची, हा माझा नेम. चांगली कात्री मुठीपासून टोकापर्यंत एकच सलग आवाज करते. मध्येच खरखरली तर पात्याला खाच आहे, आवाज अगदीच पोकळ आला तर खिळा ढिला आहे. त्यामुळे लेकीने झाडांच्या छाटणीसाठी फेल्को २ नावाची कात्री आणून हातात ठेवली, तेव्हा मी ती आधी कानाला लावली. लेक म्हणाली, “आई, ही झाडाची आहे, कापडाची नाही.” मी म्हटलं, “दोन पाती आणि एक खिळा, म्हणजे कात्रीच ना?” आवाज एकसारखा होता, टोकापर्यंत. तिथेच मला ती आवडली.

हे मत लिहायला मी मुद्दाम वेळ घेतला. शेवंतीचा बहर वर्षातून एकदा, आणि बहर सरल्यावरची मोठी छाटणीही एकदाच. अशा तीन छाटण्या या कात्रीने झाल्या, म्हणून आता बोलायचा हक्क आहे.

आधी झाडाविषयी सांगते, कारण कात्री चांगली की वाईट हे कशावर चालवता त्यावर ठरतं. माझी शेवंती पिवळी, छोट्या फुलांची. एक बोटभर काडी लावली होती. शेवंती बहुवर्षायू. फुलं संपली, वरचं सगळं वाळलं तरी खाली बुंधा जिवंत असतो आणि मातीतल्या मातीत आडवे धुमारे सोडून आजूबाजूला नवे फुटवे काढत राहतो. माझ्या एका काडीचा गड्डा झाला आणि गड्ड्याचा ताटवा. टेप लावून मोजला तर चार फुटांना थोडा कमी भरला. बाहेरून हिरवागार दिसायचा, पण मधे हात घातला की नुसत्या करड्या, लाकूड झालेल्या काड्या. फुलं सगळी कडेला, मधे टक्कल. याला कारण मीच होते. मी छाटतच नव्हते. वाळलेलं फूल दिसलं की तेवढं तोडायचं, बाकी राहू द्यायचं. जिवंत फांदीला कात्री लावायला जीव धजावत नसे.

धजावत नसे त्यामागे एक कात्रीच होती, फेल्कोच्या आधीची. कोणाची होती ते महत्त्वाचं नाही. त्या प्रकाराला अॅन्व्हिल म्हणतात, म्हणजे एक धारदार पातं वरून येऊन खालच्या सपाट पट्टीवर बसतं, सुरी पाटावर बसावी तसं. वाळलेल्या, टणक काड्यांसाठी हा प्रकार बरा असतो. पण मी ती ओल्या, हिरव्या देठांवर चालवली. शेवंतीचा देठ आतून भेंडासारखा मऊ, बाहेरून चिवट सालीचा. पातं अर्ध्यात गेलं की उरलेला अर्धा देठ पट्टीवर दाबून चपटा व्हायचा. काप पाहिला की कळायचं. गोल हवं तिथे लांबट, ओठ मिटल्यासारखं तोंड, आणि एका बाजूने सालीची दोरीसारखी पट्टी खालपर्यंत सोललेली. आठवड्याभरात तो देठ वरून तपकिरी पडत खाली यायचा, एक पेर, दोन पेरं. नवा कोंब जिथून फुटायचा तो डोळाच त्यात जायचा. एकदा तिची स्प्रिंग उडून गवतात गेली ती सापडलीच नाही. सांधा रिव्हेटने पक्का केलेला, त्यामुळे उघडून साफही करता येत नव्हता. अशा कात्रीने छाटल्यावर झाडाला लागतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग हात मागे यायचा तो येणारच.

फेल्को २ बायपास प्रकारची. एक वाकडं, धारदार पातं आणि त्याच्या शेजारून घसटून जाणारा एक जाड, बोथट आकडा. आकडा देठ धरून ठेवतो, पातं कापत पुढे निघून जातं. शिवणाच्या कात्रीचंच तत्त्व, फक्त तिथे दोन्ही पात्यांना धार असते, इथे एकालाच. ही कंपनी स्वित्झर्लंडची, १९४५ साली सुरू झालेली, आणि हे २ नंबरचं मॉडेल १९४८ पासून बनतंय. मुठी अॅल्युमिनियमच्या, वरून लाल रंग. हिरव्यात विसरून राहिली तरी लांबून दिसते, हा रंगाचा मोठा फायदा. पंचवीस मिलिमीटरपर्यंतची फांदी कापते असं कंपनी सांगते. शेवंतीचा बुंध्याजवळचा जुना देठही माझ्या करंगळीएवढा, म्हणजे तिच्या ताकदीच्या निम्माही नाही.

पहिली मोठी छाटणी अजून जशीच्या तशी आठवते. बहर संपला होता, फुलं कागदासारखी वाजत होती. मी कडेच्या एका देठापासून सुरुवात केली, जमिनीपासून सहा इंचांवर. पाहून घेतलं की त्याखाली दोन-तीन पानांचे बेचके आहेत. शेवंतीची पानं एकाआड एक येतात आणि प्रत्येक पानाच्या काखेत एक डोळा झोपलेला असतो. त्या डोळ्याच्या वर पाव इंच सोडून कात्री लावली. आणि दाबायच्या आत देठ खाली पडलाही. मी खाली वाकून काप पाहिला. पूर्ण गोल. कडेला सालीची हिरवी रेघ, तिच्या आत फिकट कडं, मधोमध पांढरा भेंड, आणि साल कुठेही सुटलेली नाही. शेवंतीच्या पानाचा तो कडवट वास हाताला आला. मी त्याच देठाचा पडलेला तुकडा उचलला आणि जुन्या कात्रीने पुन्हा कापून दोन्ही तोंडं शेजारी धरून पाहिली. कापड फाडणं आणि कापणं यात जेवढा फरक, तेवढाच.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पहिल्या दिवशी मीही चुकत होते. बायपास कात्रीला उजवी-डावी बाजू असते. धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे यायला हवं, आणि जाड आकडा टाकून द्यायच्या भागाकडे. उलटी धरली तर आकड्याचा दाब उरणाऱ्या देठावर पडतो, तिथे वळ उठतो आणि वर एक छोटं खुंट राहतं. खुंट म्हणजे वाळणारं लाकूड, आणि वाळणाऱ्या लाकडातून कूज खाली उतरते. मनगट थोडं फिरवावं लागतं एवढंच. दहा-बारा देठांनंतर हात आपोआप फिरतो.

पूर्ण ताटवा त्या दिवशी सहा इंचांवर आणला. मधलं मेलेलं लाकूड मातीलगत कापून काढलं. घरातले सगळे येऊन पाहून गेले आणि कोणालाच ते आवडलं नाही. “एवढं कापतात का?” असं ह्यांनी दोनदा विचारलं. मलाही रात्री झोप लागली नाही नीट. पण तीन आठवड्यांत बुंध्याभोवती मातीतून हिरवी टोकं वर आली, आणि मधल्या टकलातूनही आली. उजेड आणि हवा आत पोचली तसा बुंधा जागा झाला. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथली माणसं मात्र जुने देठ थंडी संपेपर्यंत तसेच ठेवतात, बुंध्याला तेवढंच पांघरूण होतं, आणि नवे कोंब दिसू लागले की मग छाटतात. हेही ध्यानात ठेवा, सगळीकडे एकच वेळ चालत नाही.

आता कात्री कुठे वापरू नये तेही सांगते. शेवंती गच्च भरायची असेल तर वाढीच्या दिवसांत तिचे शेंडे खुडावे लागतात. फुटवा सहा इंचांचा झाला की वरचा इंचभर शेंडा काढायचा. मग त्या शेंड्याचा धाक जातो आणि खालच्या काखांमधले तीन-चार डोळे एकदम फुटतात. त्या फांद्या पुन्हा तेवढ्या झाल्या की पुन्हा खुडायचं. हे काम अंगठ्याचं आणि तर्जनीचं. कोवळा शेंडा नखाने टचकन तुटतो. त्यासाठी ही कात्री जड आहे, शेजारचं पानही तिच्या तोंडात येतं. तीच गोष्ट सुकलेली फुलं काढण्याची. फुलं गच्च असतात, त्यांच्या मधून एकच देठ निवडून कापायला लांब, निमुळत्या टोकाची छोटी कात्री हवी. मी माझी दोरे कापायची जुनी कात्री त्यासाठी बागेत दिली आहे. ती आता शिवणाच्या डब्यात परत येणार नाही, पण बागेत सुखात आहे.

खुडणं कुठे थांबवायचं हा खरा प्रश्न. शेवंती दिवसाच्या लांबीवर चालते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती पानं सोडून कळ्यांच्या मागे लागते. त्यानंतर शेंडा खुडला म्हणजे कळीच खुडली. म्हणून दिवस लहान होताना जाणवायला लागले की मी हात आवरते, आणि नेहमीच्या बहराच्या आधी तीन महिने हा माझा मोजायचा हिशेब. माझ्या ताटव्याची एक कड दारातल्या दिव्याच्या उजेडात यायची आणि दर वर्षी तिकडे फुलं उशिरा, तीही विरळ. कितीतरी दिवस मी खताला दोष देत होते. दिवा रात्री लवकर बंद करायला लागले आणि ती कड बाकीच्यांबरोबर फुलली. शेवंतीला रात्र म्हणजे पूर्ण अंधार लागतो, मधे उजेड पडला तर तिला रात्र तुटल्यासारखी वाटते. फुलांची शेती करणारे हेच उलटं वापरतात, रात्री दिवे लावून कळ्या यायची वेळ लांबवतात.

परत कात्रीकडे येते. तिची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ती पूर्ण उघडता येते. पातं, आकडा, स्प्रिंग, मधला बोल्ट, चाप, सगळं सुटं होतं आणि सगळं सुटं मिळतं. शिवणयंत्र ज्याने वर्षानुवर्षं चालवलंय त्याला याची किंमत सांगायला नको. ज्या वस्तूचा भाग बदलता येत नाही ती वस्तू आपण उसनी आणलेली असते. शेवंतीचा चीक पात्यावर काळपट, चिकट थर धरतो. आकड्याला चीक निघून जायला एक खाच दिली आहे, तरी छाटणी संपल्यावर पुसावंच लागतं. मी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात. पातं पोलादाचं आहे, ओलं ठेवलं तर कुठलंही पोलाद गंजणारच.

खिळा किती आवळायचा हे मी कापडाच्या कात्रीवरून ठरवते. स्प्रिंग काढायची, एक मूठ हातात धरून दुसरी वर उचलून सोडायची. धाडकन मिटली तर ढिली आहे, जागची हललीच नाही तर जास्त आवळली आहे. सावकाश खाली येऊन मधे कुठेतरी थांबली की बरोबर. फेल्कोत मधल्या नटला दाते आहेत आणि त्याला एक छोटा स्क्रू अडवून धरतो, त्यामुळे एकदा बसवलेला ताण काम करताना हलत नाही. पाती एकमेकांना घसटून गेली पाहिजेत. मधे फट राहिली की कोवळा देठ त्या फटीत दुमडतो, कापला जात नाही. पुष्कळ जण तेव्हा म्हणतात धार गेली. धार गेलेली नसते, खिळा ढिला असतो. पातळ कागदाची पट्टी कापून पाहा, लगेच कळेल.

धार लावायचं मला भय होतं. कापडाच्या कात्र्या मी कधी स्वतः लावल्या नाहीत, धारवाल्याकडेच दिल्या. पण इथे एकच पातं, आणि त्याचीही एकच बाजू उतरती. डायमंडची छोटी पट्टी घेतली. उतरत्या बाजूवर मार्कर पेनाने काळी रेघ ओढली आणि पट्टी फिरवली. रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली म्हणजे कोन कारखान्याचाच राहिला. फक्त काठावरची पुसली तर पट्टी फार उभी धरली. सपाट बाजू घासायची नाही, फक्त शेवटी तिच्यावर पट्टी पूर्ण आडवी टेकवून एकदा हलकेच फिरवायची, म्हणजे उलटलेली कड निघून जाते. मला हे पहिल्या प्रयत्नात जमलं आणि त्या दिवशी मी लेकीला फोन करून सांगितलं.

स्वच्छतेबद्दल एक गंभीर गोष्ट. शेवंतीत रोग कात्रीवरून एका झाडाचा दुसऱ्याला जातो. बुरशीसाठी आणि जिवाणूंसाठी पातं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसलं तरी चालतं. पण शेवंतीला एक व्हायरॉइड होतो, म्हणजे विषाणूहूनही लहान असा रोगाचा कण; त्याने झाड खुजं राहतं, पानं लहान येतात, फुलं लहान आणि वेळेआधी. तो रसातून पसरतो, हातावरून आणि पात्यावरूनही. त्याच्यावर अल्कोहोल पुरेसं पडत नाही, त्याला पातळ केलेलं ब्लीच लागतं. ब्लीच पोलाद खातं, म्हणून नंतर लगेच पाण्याने धुऊन, कोरडं करून तेल लावायचं. आणि असं झाड जपण्यात अर्थ नाही, त्याला औषध नाही. मुळासकट उपटून टाका, त्याच्या काड्या कोणाला देऊ नका. मी निरोगी दिसणारी झाडं आधी छाटते आणि संशयाचं झाड शेवटी. हातमोजे घालाच. शेवंतीच्या रसाने पुष्कळांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठतं, मलाही मनगटावर उठलं होतं.

कोणासाठी घ्यावी? माझा पंजा लहान आहे. फेल्को २ पूर्ण उघडली की माझी करंगळी मुठीच्या टोकाला जेमतेम पोचते, आणि दोनशे देठांनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. मुठींच्या मधे रबराचा ठोकळा आहे, मिटताना हाताला हिसका बसत नाही, त्यामुळे पूर्वीपेक्षा दुखणं कमीच. पण लहान हातांसाठी याच कंपनीची ६ नंबरची आखूड कात्री आहे, आणि लेकीने घ्यायच्या आधी मला विचारलं असतं तर मी तीच सांगितली असती. मोठ्या पंजाच्या माणसाला २ नंबर अगदी मापात बसेल. कपडा शिवताना माप घेतो, तसंच कात्री घेतानाही पंजाचं घ्या. घरात दोन-तीन कुंड्याच असतील, तर बोटं आणि एक निमुळती छोटी कात्री एवढ्यावर शेवंती उत्तम सांभाळता येते, ही घ्यायची गरज नाही. पण ताटवा असेल, सोबत गुलाब किंवा जास्वंदीसारखी लाकडी झाडं असतील, तर हिच्यासारखी दुसरी मी तरी हातात धरलेली नाही.

या वेळी छाटणीबरोबर गड्डाही फोडला. दर दोन-तीन वर्षांनी फोडावाच, नाहीतर मधला बुंधा पुन्हा लाकूड होतो. फावड्याने सगळा उचलला, मधला जुना भाग टाकून दिला आणि कडेचे मुळ्या असलेले ताजे फुटवे सुटे केले. मुळ्या मातीने भरलेल्या असतात, त्यात फेल्कोचं पातं घालू नका, खड्यावर धार जाते. तिथे जुनी अॅन्व्हिल कात्रीच घेतली, त्या कामाला ती चांगली पडली. सव्वीस फुटवे निघाले. नऊ मी लावले, बाकीचे वाटले.

त्यातले सहा लेकीने नेले. ती डावखुरी आहे. माझी कात्री तिच्या हातात दिली तर पातं आणि आकडा उलटे पडतात, काप कुठे बसतोय ते तिला दिसतच नाही. लहानपणी माझ्या कापडाच्या कात्रीने तिला सरळ कापता यायचं नाही ते याचमुळे, आणि मी तिला धसमुसळी म्हणायचे. डाव्या हातासाठी फेल्कोची ९ नंबरची आहे, ती तिच्यासाठी मागवली आहे. आली की आधी कानाला लावून पाहीन, मग तिला देईन.